चिनी गाडी देशी की जॉइंट व्हेंचर? पायरी पायरीने कसं ओळखायचं

चीनमधे बनणारी लिंक अँड को ही गाडी देशी धरायची की जॉइंट व्हेंचर, म्हणजे परदेशी कंपनीबरोबर भागीदारीत बनवलेली? शांघायजवळ सुजोऊला पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं होतो, तेव्हा कॅन्टीनमधे या एका प्रश्नावरून जेवणं थंड होताना बघितलीत. सुरुवातीला मला कळायचंच नाही की यात एवढं भांडण्यासारखं काय आहे, गाडी चांगली आहे ना, मग झालं. पण स्वतःला जुनी गाडी घ्यायची वेळ आली आणि एका शोरूममधल्या सेल्सवाल्याने साध्या चिनी ब्रँडची गाडी मला ‘युरोपियन जॉइंट व्हेंचर’ म्हणून चांगल्या चढ्या भावात दाखवली, तेव्हा कळलं की हे ओळखता आलंच पाहिजे. तेव्हापासून जे जे शिकलो ते इथे सविस्तर लिहितोय. चीनमधे नोकरीला असलेल्यांना उपयोगी पडेलच, पण दुबई, मस्कत, दोह्याला राहणाऱ्या आपल्या लोकांना आणि इथे एमजी चालवणाऱ्यांना पण पडेल.

पायरी १: आधी शब्द नीट लावून घ्या

चीनमधे लोक गाड्यांचे ढोबळ तीन ढीग करतात. देशी ब्रँड, जॉइंट व्हेंचर आणि इम्पोर्टेड. गोंधळ होतो तो पहिल्या ढिगाच्या नावात. बोलताना देशी गाडीला ‘ग्वोछान’ म्हणतात, आणि या शब्दाचा सरळ अर्थ ‘देशात तयार झालेली’ एवढाच आहे. मग शांघायच्या कारखान्यातून निघालेली फोक्सवॅगन पण ग्वोछानच झाली की! पण रोजच्या बोलण्यात ग्वोछान म्हटलं की माणूस बीवायडी, जीली, चेरी, ग्रेट वॉल, चांगान यांच्याबद्दल बोलत असतो. सरकारी आणि व्यापारी आकडेवारीत यासाठी वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ ‘स्वतःच्या हक्काचा ब्रँड’ असा होतो. म्हणून कुणी देशी म्हटलं की आधी विचारा, देशात बनलेली म्हणताय की देशी ब्रँडची. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

हे ढीग पडले कशामुळे तेही थोडं सांगतो, कारण पुढच्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. १९७९ मधे चीनने परदेशी कंपन्यांबरोबर भागीदारीत कंपनी काढायचा कायदा केला. १९८३ मधे अमेरिकन मोटर्सबरोबर बीजिंग जीपचा करार झाला, १९८४ मधे फोक्सवॅगनबरोबर शांघायचा. मग १९९४ च्या वाहन धोरणात नियम आला की पूर्ण गाडी बनवायची असेल तर परदेशी भागीदाराचा हिस्सा ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये. म्हणजे चीनमधे गाड्या बनवायच्यात तर चिनी भागीदार घ्यावाच लागायचा. जर्मन, जपानी, अमेरिकन, कोरियन सगळे याच दारातून आत आले. पुढची पंचवीसेक वर्षं सर्वसाधारण चिनी माणसाच्या डोक्यात जॉइंट व्हेंचर म्हणजे टिकाऊ, चांगली, विकायला गेलं तर भाव येणारी, आणि देशी म्हणजे स्वस्तातली असं पक्कं बसलं होतं. आता ते झपाट्याने बदललंय. २०२० मधे प्रवासी गाड्यांच्या विक्रीत देशी ब्रँडचा वाटा ३८ टक्क्यांच्या आसपास होता, २०२४ मधे तो ६५ च्या वर गेला. पण जुनी सवय जात नाही, गाडी विकताना ‘जॉइंट व्हेंचर आहे’ हे अजून मोठ्या आवाजात सांगतात.

आपल्याकडच्या मारुतीचं उदाहरण घ्या म्हणजे फरक चटकन कळेल. मारुती सुझुकीत निम्म्याहून जास्त मालकी जपानच्या सुझुकीची आहे, पण आपल्या आजोबांपासून सगळे तिला आपलीच गाडी म्हणतात. चीनमधे बरोबर उलटं. चांगचुनच्या एफएडब्ल्यू-फोक्सवॅगनमधे ६० टक्के एफएडब्ल्यू या चिनी सरकारी कंपनीचे आहेत, तरी कुणीही त्या गाडीला चिनी म्हणत नाही. म्हणजे नुसत्या टक्क्यांवरून उत्तर निघत नाही, हे आत्ताच डोक्यात ठेवा.

पायरी २: गाडीच्या मागे जाऊन उभे रहा

सगळ्यात सोपी तपासणी. चीनमधे बनलेल्या गाडीच्या मागच्या बाजूला, डिकीच्या दारावर, बनवणाऱ्या कंपनीचं नाव चिनी अक्षरात लावायचा नियम २००६ पासून आहे. बहुतेक वेळा ते डावीकडे असतं. चिनी वाचता येत नसलं तरी अडत नाही, मोबाईलचा कॅमेरा भाषांतर करून देतो. तुम्हाला बघायचंय ते एवढंच की नाव एक आहे का दोन जोडलेत. ‘यीची दाजोंग’ असं असेल तर यीची म्हणजे एफएडब्ल्यू आणि दाजोंग म्हणजे फोक्सवॅगन, झालं जॉइंट व्हेंचर. चिनी भागीदाराचं नाव आधी, परदेशी नंतर. नुसतं ‘बियादी’ असेल तर बीवायडी, देशी. चिनी अक्षरंच नसली तर इम्पोर्टेड असू शकते.

‘असू शकते’ म्हणतोय कारण बरेच मालक ती अक्षरं काढून टाकतात, गाडी इम्पोर्टेड वाटावी म्हणून. जुन्या गाडीत तर हमखास. जुनी गाडी बघताना पत्र्यावरून आडवा उजेड पडेल असं उभं राहून बघा, स्टिकर किंवा अक्षरं काढल्याची खूण बऱ्याचदा दिसते.

पायरी ३: चेसिस नंबर

अक्षरं काढता येतात, चेसिस नंबर असा सहजासहजी काढता येत नाही. काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात १७ आकडी नंबर असतो, आपण आरसीवर बघतो तोच प्रकार. पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर गाडी चीनमधे बनलीय. जपानची ‘जे’ ने, जर्मनीची ‘डब्ल्यू’ ने, भारताची ‘एम’ ने सुरू होते. पहिली तीन अक्षरं मिळून कारखाना कुणाचा ते सांगतात. माझ्या वहीत लिहून ठेवलेली काही देतो: एल-एस-व्ही म्हणजे शांघायची फोक्सवॅगन, एल-एफ-व्ही म्हणजे एफएडब्ल्यू-फोक्सवॅगन, एल-एस-जी म्हणजे शांघायची जीएम (जनरल मोटर्स), एल-बी-व्ही बीएमडब्ल्यू ब्रिलियन्स (बीएमडब्ल्यूची चीनमधली भागीदारी), एल-झेड-डब्ल्यू वूलिंगवाली, एल-एस-जे म्हणजे एसएआयसी या शांघायच्या सरकारी कंपनीच्या एमजी आणि रोवे, एल-आर-डब्ल्यू म्हणजे शांघायची टेस्ला.

पण लक्षात घ्या, नंबर फक्त ‘कुठे आणि कोणत्या कारखान्यात’ एवढंच सांगतो. मालक कोण ते पुढच्या पायरीत.

पायरी ४: कंपनीत कुणाचे किती

आता कारखान्याचं नाव हातात आलं. चीनमधे प्रत्येक कंपनीची नोंद सरकारी रजिस्टरमधे असते आणि ती कुणालाही बघता येते, तिथे कंपनीचा प्रकार लिहिलेला असतो. आधी तिथे सरळ ‘चिनी-परदेशी भागीदारी’ असं लिहिलेलं सापडायचं. २०२० पासून परदेशी गुंतवणुकीचा नवा कायदा आला, जुना १९७९ चा रद्द झाला, त्यामुळे आता शब्द बदललेत, ‘परदेशी गुंतवणूक असलेली’ अशा धाटणीचं लिहिलेलं दिसतं. घाबरू नका, भागीदारांची यादी बघा.

काही ठराविक गणितं पाठ असली की काम सोपं. शांघाय जीएममधे एसएआयसी आणि जीएम ५०-५०. बीजिंग बेंझमधे बीएआयसी (बीजिंगची सरकारी वाहन कंपनी) ५१, मर्सिडीज ४९. चेरी आणि जॅग्वार लँड रोव्हरची चांगशूची कंपनी ५०-५०. ही माझ्या आवडीची, कारण चांगशू सुजोऊच्याच हद्दीत येतं, आणि जॅग्वार लँड रोव्हर २००८ पासून आपल्या टाटांची. म्हणजे चीनमधल्या रस्त्यावर लांब व्हीलबेसवाली जॅग्वार दिसली की तिच्या कागदावर एका बाजूला चेरी आणि दुसऱ्या बाजूला, दोन पायऱ्या वर चढलात तर, मुंबईचं बॉम्बे हाऊस. चिनी माणूस तिला ब्रिटिश जॉइंट व्हेंचर म्हणतो, पण मला दर वेळी बघून आनंद व्हायचा.

इथे दोन गोष्टींत फसू नका. पहिली, शेअर बाजारातला परदेशी पैसा म्हणजे जॉइंट व्हेंचर नव्हे. २००८ मधे वॉरन बफे यांच्या बर्कशायरने बीवायडीचे २३.२ कोटी डॉलरचे शेअर घेतले होते, जवळपास १० टक्के, तरी बीवायडी एक दिवस पण जॉइंट व्हेंचर झाली नाही. फोक्सवॅगनने २०२३ मधे एक्सपेंग या चिनी कंपनीत पाच टक्क्यांच्या आत हिस्सा घ्यायचं ठरवलं, जीप आणि फियाटवाल्या स्टेलांटिसने लीपमोटर या चिनी कंपनीचे २० टक्के घेतले, एक्सपेंग आणि लीपमोटर दोन्ही देशीच राहिल्या. उलट्या बाजूने बघा, बीएआयसीचे आणि जीलीच्या मालकाचे, ली शूफूंचे, मिळून मर्सिडीज बेंझमधे जवळपास २० टक्के आहेत, म्हणून चाकणला बनणारी मर्सिडीज कुणी चिनी म्हणणार आहे का?

दुसरी, टेस्ला. चीनने इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ५० टक्क्यांची अट २०१८ मधे काढली आणि टेस्लाने शांघायला पूर्ण स्वतःच्या मालकीचा कारखाना टाकला, २०१९ च्या अखेरीस गाड्या बाहेर पडायला लागल्या. ती चीनमधे बनते पण देशी ब्रँड नाही, जॉइंट व्हेंचर नाही आणि इम्पोर्टेड पण नाही. तिच्यासाठी चौथा ढीग करा. बाकीच्या प्रवासी गाड्यांसाठीची अट १ जानेवारी २०२२ ला गेली.

पायरी ५: ब्रँड कुणाचा? खरा निकाल इथे लागतो

माझं ठाम मत आहे, आणि चीनमधली आकडेवारी पण साधारण अशीच मोजतात, की शेवटी ब्रँड कुणाचा आणि त्याच्याबद्दल निर्णय कोण घेतं हे बघायचं. कारण एकाच जॉइंट व्हेंचर कंपनीतून दोन्ही प्रकारच्या गाड्या निघतात.

सगळ्यात चांगलं उदाहरण वूलिंग. कंपनीचं पूर्ण नाव एसएआयसी-जीएम-वूलिंग, कारखाना दक्षिण चीनच्या ग्वांगशीतल्या लिउजोऊला. एसएआयसीचे ५०.१ टक्के, जीएमचे ४४, उरलेले ५.९ स्थानिक वूलिंगवाल्यांचे. कागदावर शंभर टक्के जॉइंट व्हेंचर. मागे डिकीवर नाव बघितलं तरी तीन नावं जोडलेली. पण वूलिंग हे नाव तिथलंच, जीएम यायच्या आधीपासूनचं, म्हणून वूलिंगची गाडी सगळे देशी ब्रँडमधे मोजतात. त्याच कंपनीने २०१० मधे काढलेला बाओजुन ब्रँड पण देशीच. वेनूशियाचं पण तसंच, कंपनी डोंगफेंग-निसान, म्हणजे निम्मी जपानी, पण ब्रँड फक्त चीनसाठी चीनमधे काढलेला, म्हणून देशी. होंडाच्या ग्वांगजोऊच्या जॉइंट व्हेंचरने एव्हरस नावाचा ब्रँड काढला होता, त्याची पहिली गाडी आपल्या ओळखीच्या होंडा सिटीवरच बेतलेली होती, तो पण देशी खात्यात. अशा ब्रँडना चिनी लोक ‘जॉइंट व्हेंचरचा देशी ब्रँड’ म्हणतात, आणि हे नाव बरोबरच आहे.

मग २०१९ मधे एफएडब्ल्यू-फोक्सवॅगनने जेट्टाला वेगळा ब्रँड केला, तो कुठे टाकायचा? फक्त चीनसाठी काढलेला, स्वस्तातला, पण जेट्टा हे नाव फोक्सवॅगनचं. मी जॉइंट व्हेंचरमधे टाकतो.

नावावरून तर अजिबात जाऊ नका. बोर्गवर्ड हे जुनं जर्मन नाव बीजिंगच्या फोटोनने २०१४ मधे विकत घेतलं आणि जर्मन म्हणून चीनमधे गाड्या विकल्या, २०२२ मधे दिवाळं निघालं. ज्यांनी जर्मन समजून घेतली ते पार्ट्स शोधत बसले.

पायरी ६: इंजिन, प्लॅटफॉर्म (गाडीचा खालचा सांगाडा) बघा, पण त्यावरून निकाल देऊ नका

हे वाक्य पन्नास वेळा ऐकलंय, ‘याचं इंजिन जपानी आहे, म्हणजे जॉइंट व्हेंचरच की’. नाही हो. चिनी ब्रँडच्या कितीतरी गाड्यांमधे एकेकाळी मित्सुबिशीची इंजिनं होती, गाडी देशीच राहिली. विकत घेतलेला पार्ट म्हणजे भागीदारी नाही. गाडी घेताना इंजिन कुणाचं हे जरूर विचारा, टिकण्याशी त्याचा संबंध आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे, वेगळ्या कागदावर लिहा.

पायरी ७: तारीख विचारा

लोक हे विसरतात आणि जुनी माहिती सांगत बसतात. डेन्झा घ्या. २०१० मधे बीवायडी आणि डाइमलरने (मर्सिडीजची तेव्हाची कंपनी) ५०-५० कंपनी काढली, इलेक्ट्रिक गाडीसाठी. २०२२ मधे डाइमलरचा हिस्सा १० टक्क्यांवर आला, २०२४ मधे तो पण बीवायडीने घेतला. म्हणजे २०१५ ची डेन्झा जॉइंट व्हेंचर होती, आत्ताची पूर्ण बीवायडी. उलट दिशेने बीएमडब्ल्यू ब्रिलियन्स, २०२२ मधे बीएमडब्ल्यूने हिस्सा ७५ टक्क्यांवर नेला, म्हणजे भागीदारी आहे पण कारभार आता पूर्ण जर्मनांच्या हातात. सुझुकीने २०१८ मधे चीनमधलं दुकानच बंद केलं, चांगान-सुझुकी या भागीदारीतला आपला ५० टक्के हिस्सा चांगानला एका युआनला देऊन टाकला. स्मार्ट ब्रँड आधी मर्सिडीजचा, आता मर्सिडीज आणि जीली ५०-५०, डिझाईन जर्मनीचं, बाकी इंजिनिअरिंग जीलीचं, आणि या गाडीला कुठे टाकायचं यावर मी कुणाशी वाद घालत नाही, दोन्ही बाजू बरोबर आहेत. जुनी गाडी घेताना ती बनली त्या वर्षीची मालकी बघायची, आणि सर्व्हिससाठी आजची.

आता लिंक अँड कोचं सोडवू

सगळ्या पायऱ्या एकत्र लावून बघा. बनते चीनमधे, चेसिस नंबर ‘एल’ ने. ब्रँड २०१६ मधे बर्लिनला दाखवला. कंपनीत २०२५ च्या सुरुवातीपर्यंत जीली ऑटोचे ५०, व्होल्वोचे ३०, आणि जीलीची वरची मालक कंपनी जीली होल्डिंगचे २० टक्के होते. प्लॅटफॉर्म सीएमए, जीली आणि व्होल्वोने मिळून केलेला, व्होल्वो एक्ससी४० त्याच्यावरच आहे. व्होल्वो ही स्वीडिश कंपनी, म्हणजे परदेशी भागीदार ३० टक्के. म्हणून कॅन्टीनमधलं एक टेबल म्हणायचं, कागदोपत्री जॉइंट व्हेंचर. त्यात चूक काहीच नाही.

पण वर चढून बघा. जीली होल्डिंगने २०१० मधे फोर्डकडून व्होल्वो कार्स विकत घेतली. म्हणजे ३० टक्केवाला ‘परदेशी’ भागीदार जीलीच्याच घरातला. एकाच घरातल्या तीन खिशांतले पैसे एकत्र केले तर ती भागीदारी म्हणायची का? ब्रँड जीलीने जन्माला घातला, निर्णय जीलीचे, फायदा-तोटा शेवटी जीलीचा. पाचव्या पायरीने निकाल साफ आहे, देशी ब्रँड. आणि सातवी पायरी पण लावा, २०२४ च्या नोव्हेंबरमधे जाहीर झालं की व्होल्वो आपले ३० टक्के झीकरला विकणार, झीकर पण जीलीचीच, आणि २०२५ च्या सुरुवातीला ते झालं. आता कागदावरचा स्वीडिश धागा पण गेला. यात ब्रँडचा काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या इंजिनिअरांनी मन लावून काम केलेली चांगली गाडी आहे, देशी म्हणून अभिमानाने विकावी.

मग स्वतः व्होल्वो चिनी का? मालक चिनी, ब्रँड स्वीडिश. या दोन गोष्टी एका वाक्यात बोलायला शिका, ‘की’ लावू नका.

आपल्याकडे हे कसं लावायचं

एमजी मूळची ब्रिटिश, ऑक्सफर्डच्या मॉरिस गराजेसची. एमजी रोव्हर २००५ मधे बुडाली, नानजिंग ऑटोमोबाईलने मालमत्ता घेतली, आणि २००७ मधे नानजिंग एसएआयसीत गेली. चीनमधे एमजी देशी ब्रँडमधे मोजतात. भारतात आता कंपनी जेएसडब्ल्यू एमजी, एसएआयसीचे ४९ टक्के, जेएसडब्ल्यूचे ३५, बाकी इतर भारतीय. कारखाना हालोलला, गुजरातेत, जो आधी जीएमचा होता. तर इथली एमजी म्हणजे चिनी मालकीचा ब्रिटिश ब्रँड, भारतीय-चिनी जॉइंट व्हेंचरने भारतात बनवलेला. ऐकायला लांबलचक आहे पण यातला एकही शब्द गाळला तर चुकतं.

अजून एक थर आहे. २०१९ ची हेक्टर म्हणजे मूळची बाओजुन ५३०. कॉमेट वूलिंग एअरवरून, विंडसर वूलिंगच्या क्लाउडवरून. म्हणजे पाचव्या पायरीतली तीच लिउजोऊची कंपनी, जिच्यात जीएमचे ४४ टक्के आहेत. शेवरोले एन्जॉय आठवतेय का, ती पण वूलिंगचीच होती. तेव्हा कुणी विचारलं नाही कारण बोनेटवर शेवरोलेचा क्रॉस होता.

आपला सरकारी नियम मात्र ब्रँड बघतच नाही. एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ प्रमाणे, सीमेला लागून असलेल्या देशातून पैसा येत असेल किंवा शेवटचा खरा लाभधारक तिथला असेल तर सरकारची परवानगी लागते. तळेगावचा जीएमचा कारखाना ग्रेट वॉल घेणार होती, जून २०२० मधे महाराष्ट्र सरकारबरोबर सामंजस्य करार पण झाला, परवानगी काही आली नाही आणि २०२२ मधे ते बारगळलं. २०२३ मधे ह्युंदाईने तो घ्यायचा करार केला. तिथे ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्यासाठी ‘मालक कुणाचा’ हा प्रश्न कॅन्टीनमधल्या गप्पांचा नव्हता.

आखातात राहणाऱ्यांनी हे नक्की वाचा

दुबईत किंवा मस्कतला चिनी ब्रँडची गाडी घेतलीत, एमजी, जीली, चेरी वगैरे, तर तिथे त्यांचे अधिकृत डीलर आहेत, वॉरंटी आणि पार्ट्सची सोय तिथेच. अडचण होते ती चीनमधल्या जॉइंट व्हेंचरच्या गाड्यांची. फोक्सवॅगनची आयडी ६ ही इलेक्ट्रिक गाडी फक्त चीनमधे बनली आणि फक्त चीनसाठी, दोन्ही जॉइंट व्हेंचरनी बनवली, पण व्यापारी ती परस्पर उचलून आखातात आणि मध्य आशियात विकतात. बोनेटवर व्हीडब्ल्यू असल्यामुळे माणूस निश्चिंत होतो, पण चीनची वॉरंटी चीनमधेच, स्क्रीनवरचं सॉफ्टवेअर चिनी, ॲप चिनी नंबरशिवाय चालू होईलच असं नाही, आणि तिथला अधिकृत डीलर हात वर करतो कारण त्याने ती विकलेलीच नसते. म्हणजे इथे देशी ब्रँडवाला सुखी आणि जॉइंट व्हेंचरवाला अडचणीत, चीनमधल्या जुन्या समजुतीच्या बरोबर उलट.

म्हणून पैसे द्यायच्या आधी चेसिस नंबरचा फोटो मागा. फोक्सवॅगन आहे आणि नंबर एल-एस-व्ही किंवा एल-एफ-व्ही ने सुरू होतोय, तर तो नंबर घेऊन तिथल्या अधिकृत फोक्सवॅगन सर्व्हिस सेंटरला जा, ही गाडी तुम्ही वॉरंटीत घेणार का हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या. टोयोटा, होंडा, निसानच्या ‘एल’ नंबरवाल्या गाड्यांना पण हेच करा. विकणारा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरा.